शिवणीचा अर्धा इंच

बाई, शाळेच्या अमृतमहोत्सवी अंकाचं काम संपत आलंय आणि तुमच्यावरच्या पानापाशी येऊन मी दोन दिवस अडून बसले आहे. हल्ली कात्री नाही, खळ नाही, सगळं पडद्यावर. फोटो उचलायचा, ठेवायचा, नाही पटलं तर एक बटण दाबून मागं यायचं. तुम्ही असता तर म्हणाला असता, "चुकायची भीतीच न्हाई, मग हात बसणार कसा?" तुमच्यावरचा लेख नव्यानं लागलेल्या मराठीच्या मॅडमनी लिहिलाय. मुलगी हुशार आहे. तिनं तुम्हाला कधी पाहिलेलं नाही, जुन्या लोकांना विचारून विचारून लिहिलंय, आणि खरं सांगायचं तर बरं लिहिलंय. फक्त तिसऱ्या परिच्छेदात एक वाक्य आहे. "अशा निष्णात बाईंच्या हातूनही एकदा एका विद्यार्थिनीचा चेहरा शिवणीत गेला होता, आणि ती चूक त्यांनी मोठ्या मनानं कबूल केली होती." शिवण म्हणजे काय हे हल्लीच्या मुलांना कळावं म्हणून तिनं पुढं समजावूनही दिलंय, की दोन पानांच्या मधली, पुस्तक जिथं शिवतात ती जागा. वाक्य नीटनेटकं आहे, व्याकरणात कुठं बोट ठेवायला जागा नाही, आणि ते खोटं आहे. खोटं आहे हे सांगू शकणारी शाळेत आता मी एकटी उरले आहे.

तुम्हाला माहीत नसेल, पण स्टाफरूममध्ये त्याची आता म्हणच झाली आहे. अंक छापायला निघाला की कोणीतरी म्हणतंच, "मॅडम, बघा हं, बाईंची शिवण व्हायला नको." सगळे हसतात. मीही हसते. एकवीस वर्षं हसते आहे. चाळीस वर्षं शाळेत रंगवलेल्या भिंती, शिकवलेल्या मुली, सगळं गेलं आणि तुमच्या नावावर उरली ती माझी चूक. चूक म्हणायची का, हेच लिहायला बसले आहे. पत्राला पत्ता नाही हे मला कळतं, पण तुमच्याशी बोलायची सवय मोडलेली नाही.

पहिल्यांदा तुमच्या स्वयंपाकघरात आले तेव्हा मी आठवीत होते. तुम्ही स्टोव्हवर खळ शिजवत होता. मैदा, पाणी आणि किडा लागू नये म्हणून चिमूटभर मोरचूद. त्या पातेल्याच्या कानाला लाल दोरा बांधलेला, घरातल्या कुणी चुकून त्यात दूध तापवू नये म्हणून. "त्येला हात लावशील तर बघ, इखारी हाय," असं म्हणून तुम्ही मला फरशीवर बसवलंत आणि पुढ्यात डमी टाकलीत. प्रेसवाल्यानं कोऱ्या कागदांना घड्या घालून बनवलेलं खोटं पुस्तक. त्यात मजकुराचे कागद कापून चिकटवायचे, फोटोंच्या चौकटी आखायच्या, आणि त्याबरहुकूम प्रेस छापणार. सगळी दुनिया त्याला पान लावणं म्हणते. तुम्ही कधी म्हणाला नाहीत. तुम्ही म्हणायचात पान वाढणं. "चल, आज चार पानं वाढू." ताटात मीठ कुठं, लिंबू कुठं, भाजी कुठल्या हाताला हे ठरलेलं असतं, वाढणाऱ्याला विचारावं लागत नाही आणि जेवणाऱ्याला शोधावं लागत नाही, तसंच पानात. मथळा दिसला पाहिजे, फोटोखालची ओळ त्या फोटोखालीच पाहिजे, आणि मधे जागा सुटली म्हणून लगेच फुलाचं चित्र डकवायचं नाही. "ताट काय दाबून भरत्यात व्हय? आमटी भातात गेली मग."

टायपाच्या दोन जाती बास, म्हणायचात. तिसरी घातली की बारशाला जमलेल्या आत्यांसारख्या सगळ्या एकदम बोलाय लागत्यात. पानं सोळाच्या पटीत धरायची, कारण एवढी एका कागदावर बसतात, आणि शेवटी दोन-तीन उरली तर त्यात लहान वर्गातल्या, कुठंच नाव न आलेल्या पोरांची चित्रं घालायची. फोटोतलं माणूस पानाच्या आत बघणारं पाहिजे. "भाईर बघत बसलेला पावणा जेवायला टिकत न्हाई." खुणा निळ्या पेन्सिलनं करायच्या, लाल कधीच नाही, कारण निळं प्रेसच्या कॅमेऱ्यात उतरत नाही आणि लाल काही केल्या पुसत नाही. आणि सगळ्यात शेवटी, तर्जनीचं पेर दाखवून, "शिवणीला अर्धा इंच सोडायचा. दोन्ही अंगानं. शिवण खाती. तिच्या तोंडाला कुणाला द्यायचं न्हाई." त्यावर मी हसले होते. तुम्ही हसला नव्हतात. "हसू नको. पंगतीत एकाचं पान चुकलं की बाकीच्या शंभरांचं जेवण वाया जातंय. शाळेच्या अंकात पोरं दुसरं काय बघत्यात? आपलं तोंड बघत्यात."

मी नववीत असताना तुम्हाला अचानक मलकापूरला जावं लागलं. भाऊ गेले तुमचे. अंकाची शेवटची आठ पानं राहिली होती आणि डमी दोन दिवसांत प्रेसला द्यायची होती. जाताना तुम्ही वर्गाच्या दारात थांबून म्हणालात, "तू हायस की. मला घोर न्हाई." हे वाक्य मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. एवढा विश्वास माझ्यावर कुणी टाकला नव्हता आणि पुढंही फारसा कुणी टाकला नाही.

त्या आठांत चित्रकलेच्या ग्रेड परीक्षेला बसलेल्या आम्हा मुलींच्या फोटोचं पान होतं. आठ मुली, एका रांगेत, शाळेच्या पायरीवर, डावीकडं दगडी खांब. एकच प्रत होती त्याची, अंकासाठी म्हणूनच काढलेला. डाव्या हातानं मोजलं तर मी चौथी आणि माझ्या खांद्याला खांदा लावून पाचवी ती. उचगावहून चालत यायची. तिची आई घरी मशीनवर ब्लाउज शिवायची आणि चिंध्यांच्या पिशव्या करून तिच्याबरोबर आमच्यासाठी पाठवायची, माझे ब्रश त्यातल्याच एका पिशवीत असायचे. तुम्ही सांगून गेला होतात की फोटो एका पानावर, बेताचा घे. मला तो दोन पानांवर, या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिजे होता. बाई नाहीत तर आपण कायतरी मोठं करून दाखवावं, ही खुमखुमी. फोटोवर बटर पेपर लावला, म्हणजे तो आरपार दिसणारा पातळ कागद, आणि कुठून कुठवर छापायचा त्याच्या रेघा त्यावर मारायला घेतल्या. निळी पेन्सिल सापडली नाही. लाल घेतली.

खांब ठेवला तर फोटोचा मध्य बरोबर माझ्या नाकावर येत होता. तशी रेघ मारलीही. मग अर्धा इंच इकडं, अर्धा इंच तिकडं मोजलं आणि बघितलं की आपण राहतच नाही. खांब कापला तर मध्य आम्हा दोघींच्या मधे येत होता, दोघींचा एकेक गाल गेला असता. खांबालगतची मोकळी पायरीही बोटभर कापली तर मध्य तिच्यावर आणि मी अख्खी. बाई, मी पट्टी तीन वेळा ठेवली आणि उचलली. मग पहिली रेघ खोडरबरानं घासली आणि दुसरी मारली. तिच्या कपाळापासून हनुवटीपर्यंत, सरळ. चौदा वर्षांच्या मुलीला काय कळतंय, असं लोक म्हणतात. मला सगळं कळत होतं.

अंक आला तेव्हा तुम्ही परत आला होतात. तुम्ही पान उघडलंत, मधल्या घळीत बोट घातलंत आणि पुस्तक चरचरेपर्यंत ताणलंत. "पोरगी खाल्लीस की गं!" एवढंच म्हणालात, पण सगळ्या वर्गासमोर, आणि तुमचा आवाज कसा होता ते तुम्हाला माहीत आहे. तुम्हाला तेव्हा वाटलं होतं, मी अर्धा इंच विसरले. मीही मान खाली घालून विसरल्याचंच तोंड केलं. ती मात्र खो खो हसत होती. "मी न्हाईच की यात! ह्यो बघ, कान हाय माझा, एक कान!" दिवसभर ती तो कान सगळ्यांना दाखवत फिरली. संध्याकाळी मला म्हणाली, "जाऊ दे गं, तू तर झ्याक आलीयास." मे महिन्यात तिला कावीळ झाली. झाडपाल्याचं औषध देत राहिले. जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा माझ्या बाकावरची जागा रिकामी होती.

त्या पावसाळ्यात नदीचं पाणी प्रेसमध्ये शिरलं. ओसरून आठ-दहा दिवस झाले असतील, मी चित्रकलेच्या वर्गात तुमच्या हाताखाली जलरंगांच्या वाट्या धूत होते, आणि दारात तिची आई उभी. हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला अंक. "बाई, ह्यात माझी पोरगी हाय म्हनत्यात. मला घावंना." तुम्ही तिला खुर्ची दिलीत. ती खाली बसली. "वाचाय येत न्हाई मला, पर पोरगी वळखाय येती की. चार दीस झालं बघतोय. तिचा एक फोटू न्हाई वो घरात. काढू काढू म्हनत ऱ्हायलं." तुम्ही मला मूळ फोटोसाठी प्रेसवर पिटाळलंत. मी पळत गेले. तिथं गड्यांनी फोटोंचा चिखल झालेला ढीग दाखवला आणि पुन्हा कामाला लागले.

मी परत आले तेव्हा तुम्ही कपाटातून जुनी डमी काढली होती आणि तिच्यात चिकटून आलेला बटर पेपर खिडकीपाशी उजेडात धरला होता. फोटो प्रेसमध्येच राहिला, पण त्याच्यावरचा तो कागद परत आला होता. त्यावर आठ डोक्यांचे माझ्या हातचे गोल आणि उभी लाल रेघ. आणि तिच्या शेजारी, चौथ्या डोक्यावरून गेलेली, घासून घासून कागद झिजवलेली दुसरी. लाल पुसत नाही. तुम्ही किती वेळ बघत होता कुणास ठाऊक. मग माझ्याकडं न बघता विचारलंत, "तू कितवी हायस यात?" मी म्हणाले, "चौथी." तुम्ही "हं" म्हणालात, कागदाची चार पदरी घडी घातलीत आणि पर्समध्ये ठेवलीत.

तेवढ्यात तिच्या आईनं विचारलं, "बाई, ब्लेड हाय काय? शिवणच हाय न्हवं ही? उसवतो की मी. रोजचंच हाय माझं." आणि तिनं फरशीवर मांडी घालून अंकाचा दोरा एकेक टाका करून उसवला, कागदाला कुठं इजा न करता. पानं सुटी झाली. एका पानावर अर्धं कपाळ, दुसऱ्यावर अर्धं. तुम्ही दोन्ही पानं पुठ्ठ्यावर कडेला कड लावून डकवलीत. जुळता जुळेना. एक बाजू शाईनं काळपट, एक फिकी, भुवया भाताच्या शिताएवढ्या खालीवर, आणि मधून रेघ. तिच्या आईनं खळ वाळायचीही वाट बघितली नाही. "आली," म्हणाली, "आली बाई माझी." मी हातात ओली वाटी घेऊन उभी होते. रडणं ऐकून हेडसर आले, सुटी पानं पाहिली आणि चढ्या आवाजात विचारलं, "हे पान कुणी लावलं होतं?" तुम्ही खळीची बोटं पदराला पुसत म्हणालात, "मी. पान माझं हाय."

मी बोलायला पाहिजे होतं. तोंड उघडलंही होतं असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आले, पण नव्हतं उघडलं. पुढच्या वर्षी अंक तुमच्याकडून काढून भूगोलाच्या सरांकडं दिला, आणि तुम्ही निवृत्त होईपर्यंत तो तुमच्याकडं परत आला नाही. दर वर्षी पानं वाकडीतिकडी निघायची, माणसं पानाबाहेर बघायची, आणि तुम्ही अंक चाळून ठेवून द्यायचात. मला तुम्ही एका शब्दानं बोलला नाहीत. दहावीनंतर चित्रकलेच्या कॉलेजला निघाले तेव्हा तुमची स्टीलची पट्टी माझ्या हातात दिलीत. तिच्यावर अर्ध्या इंचावर कानशीनं घासून केलेली खाच होती. "घे," म्हणालात, "नजर चुकली तर नखाला कळतंय." ही शिक्षा होती का माफी, हे मी अजून ठरवू शकलेले नाही. पट्टी टेबलावर आहे. पडद्यावर तिचा उपयोग नाही, तरी ठेवते.

तुमच्या जागेवरच मी लागले, तेही तुमच्याच शब्दामुळं, हे मला नंतर कळलं. मग एका वर्षी मतदार यादीचं काम निघालं आणि माझ्या वाट्याला उचगाव आलं. घर नंबर बघत बघत एका दारात गेले तर आत मशीन, आणि मशीनच्या वर भिंतीला तो पुठ्ठा, काचेत. तिची आई म्हातारी झाली होती. मला तिनं ओळखलं नाही. मी नावं विचारली, तिनं सांगितली. माझी नजर भिंतीवर गेलेली पाहून म्हणाली, "ही माझी पोरगी. ही रेघ हाय ती छापतानाची." मग शेजारच्या अख्ख्या, स्वच्छ छापलेल्या मुलीवर बोट ठेवलं. "आन् ही तिची मैत्रीण. लई जीव व्हता दोघींचा. कुटं आसती कुणास ठाऊक. चांगलं चाललेलं आसू दे तिचं." मला पाणी दिलं. मी पाणी प्यायले, फॉर्मवर सही घेतली आणि बाहेर पडले.

तिथून थेट तुमच्याकडं आले होते, आठवतं का? तुम्ही अंथरुणाला खिळला होतात. उशाशी त्या वर्षीचा, मी केलेला अंक होता. तुम्ही तो उघडून घळीत बोट घातलंत, त्याच जुन्या सवयीनं, आणि म्हणालात, "हाय. अर्धा इंच हाय." मी म्हणाले, "बाई, त्या पानाचं एक सांगायचं होतं." तुम्ही माझ्याकडं पाहिलंत. तेवढ्यात सूनबाई चहा घेऊन आल्या. तुम्ही म्हणालात, "च्या घे आधी. निवंल." मी घेतला. तुम्ही मला सोडवत होतात की तुम्हाला ऐकायचं नव्हतं, देव जाणे. मी मात्र त्या कपाच्या आड लपले हे खरं. पंधरा दिवसांत तुम्ही गेलात. त्यालाही आता अकरा वर्षं झाली.

तर इथवर काल रात्री लिहिलं, आणि आज दुपारी मी ते वाक्य काढलं. नव्या मॅडमना शेजारी बसवूनच काढलं आणि त्या जागी लिहिलं, "एका अंकात एका विद्यार्थिनीचा चेहरा शिवणीत गेला. ते पान बाईंनी लावलेलं नव्हतं. त्यांच्या गैरहजेरीत दुसऱ्या एका विद्यार्थिनीनं ते लावलं होतं, आणि बाईंनी तो दोष स्वतःवर घेतला." त्यांनी विचारलं, "खरंच? मग कोण होती ती?" मी म्हणाले, "होती एक." त्यांना वाटलं मला नाव आठवत नाही. "असू दे, मॅडम. बाई सुटल्या ना," म्हणाल्या, आणि डोळे पुसले. तुमचा फोटो मी पानाच्या आत बघणारा ठेवलाय. शिवणीपासून अर्धा इंच नाही, चांगला दीड इंच लांब. उद्यापासून स्टाफरूममध्ये तुमच्या नावानं कुणी हसणार नाही, एवढं झालं. साडेचारला फाइल प्रेसला गेली.

पण तुमच्यापाशी तरी खोटं नको. शेवटच्या ओळीत "दुसऱ्या एका विद्यार्थिनीनं"च्या जागी माझं नाव टाकलं असतं तर ओळ मोडली नसती, पुढचं काही सरकलं नसतं. जागा होती, बाई. मी मोजली होती.